घरच्यांचं रडणं

९ जानेवारी

आज दुकान उघडलं. टकळीला जाऊन आठवडा झाला. टकळी म्हणजे आमची मुलगी. बोलायला लागली की थांबायचं नाव नाही, म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. एकोणीस वर्षांची होती. हृदयाला जन्मापासून भोक. लहानपणी एक ऑपरेशन झालं, ते निभावलं. या दुसऱ्यातून ती शुद्धीवर आलीच नाही. एवढं लिहायला सकाळपासून जमत नव्हतं, आता लिहून झालं.

ही डायरी एका औषध कंपनीची. दर वर्षी फुकट येते आणि दर वर्षी रद्दीत जाते. प्रत्येक पानाच्या तळाशी त्यांच्या पित्ताच्या गोळीची जाहिरात आहे. यंदा इंजिनिअर म्हणाले, रोज थोडं लिहीत जा, काय केलं, काय टाळलं, मन ठिकाणावर राहतं. इंजिनिअर म्हणजे पुलांची कामं करणारा एक तरुण. गुरुवारी संध्याकाळी मशिदीच्या वरच्या खोलीत तो आमचा वर्ग घेतो. वयानं माझ्या निम्मा असेल, पण हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांची वचनं, तोंडपाठ. टकळीच्या ऑपरेशनचं ठरलं तेव्हापासून मी जायला लागलो.

मला तो वर्ग पटतो, कारण तो माझ्या धंद्यासारखा आहे. गोळीच्या प्रत्येक पाकिटावर बॅच नंबर असतो. कारखान्यातून कुणी उचलली, कुणाकडे आली, माझ्याकडे कुणी पोचवली, सगळं सांगता येतं. हदीसचंही तसंच. पैगंबरसाहेबांच्या तोंडून कुणी ऐकलं, त्याच्याकडून कुणी, त्याच्याकडून कुणी. साखळीत एक जरी कच्चा निघाला तरी माल परत. कुराणात हुकूम आहेत, पण नमाज कसा पढायचा इथपासून सगळा तपशील हदीसमध्ये. काय चालतं आणि काय चालत नाही, हे हदीसशिवाय कळायला मार्ग नाही. माझ्यासारख्या माणसाला पायाखाली असं काहीतरी पक्कं लागतं.

११ जानेवारी

दफनाच्या दिवसाचं लिहायचं राहून गेलं.

टकळीला घरी आणलं तेव्हा माझ्या बायकोच्या तोंडून एकच आवाज निघाला. तसला आवाज मी आजवर ऐकला नव्हता. मी हिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लावलं आणि हदीस सांगितली. घरच्यांच्या रडण्यानं मयताला कबरीत यातना होतात. हॉस्पिटलच्या जिन्यातूनच मी इंजिनिअरना फोन लावून खात्री करून घेतली होती. साखळी पक्की, एक नाही, दोन-तीन वाटांनी आलेली. ते म्हणाले होते की नुसतं डोळ्यांतून पाणी आलं तर हरकत नाही, आवाज काढून, ऊर बडवून रडणं मना आहे. पण मी माणसं ओळखतो. नळ थोडा सोडला की पूर्ण सुटतो. आमच्या धंद्यात शंका आली की औषध देत नाहीत. म्हणून मी हिला सांगितलं, टिपूससुद्धा नको. तू इथे रडलीस की तिथे तिला भोगावं लागेल.

ही माझ्याकडे बघत राहिली. मग ओढणीचा बोळा करून तिनं तोंडात धरला. त्यानंतर आवाज नाही की काही नाही. बायका येत होत्या, गळ्यात पडत होत्या, ही कोरडी. बायको अशी खंबीर असेल असं वाटलं नव्हतं. मला तिचा अभिमान वाटला.

इमामसाहेब त्या गर्दीत मला बाजूला घेऊन म्हणाले, "मुलीच्या आईबद्दल दोन शब्द बोलायचे होते." मी म्हटलं, नंतर. कबर खणणारे खोळंबले होते. म्हातारा माणूस, एक विषय काढला की चार पिढ्या मागे जातो.

२१ जानेवारी

हिनं आज जेवताना विचारलं, "स्वप्नात रडलं तर?"

प्रश्न चांगला होता. मी वर्गात विचारला. इंजिनिअर म्हणाले, झोपलेल्या माणसावर जबाबदारी नाही, तो जागा होईपर्यंत त्याच्या नावावर काही लिहिलं जात नाही. त्यालाही हदीस आहे. मी घरी येऊन सांगितलं. ही म्हणाली, "बरं झालं."

टकळी गेल्यावर ही धर्माचं विचारायला लागली आहे. वीस वर्षं मी सांगत होतो तेव्हा दुसऱ्या कानानं सोडून देत होती.

२९ जानेवारी

ही दुपारची झोपायला लागली आहे. आधी कधी दुपारची पाठ टेकायची नाही. आता जेवण झालं की पडदे ओढते आणि झोपते, संध्याकाळीही लवकर. उठते तेव्हा उशी ओली असते. मला वाटलं थायरॉइड. रक्त तपासून घेतलं, सगळं नॉर्मल. जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि पंखा एकानं वाढवला.

मला स्वतःला छातीत जड वाटतं. ईसीजी काढून आणला, तोही नॉर्मल. पित्त असणार. डायरीतली जाहिरात बघून त्याच कंपनीची गोळी सुरू केली, आता बोला.

४ फेब्रुवारी

आज हिनं आणखी एक विचारलं. "शेजारणी रडतात तेव्हा? त्यांच्या रडण्यानं पण होतं का?"

मी म्हटलं, बघून सांगतो. इंजिनिअरनी शब्द वाचून दाखवले. 'घरच्यांच्या.' परक्यांचं त्यात नाव नाही. हिला सांगितलं तर तिनं परत विचारलं, "म्हणजे परक्यांचं धरत नाहीत. नक्की?" मी म्हटलं, शब्द आहेत ते तसेच आहेत, मी पदरचं काही घालत नाही. तिनं मान डोलावली आणि भांडी घासायला गेली. माझ्या दुकानात पाच वर्षं काम केलेला माणूससुद्धा चिठ्ठी इतकी नीट वाचत नाही.

१३ फेब्रुवारी

हिनं एक नवं सुरू केलं आहे. कुठे कुणी गेलं असं कळलं की ही सांत्वनाला जाते. सोमवारी बेकरीवाल्याची आई वारली, त्यांच्याकडे गेली. परवा दूधवाल्याचे काका वारले, त्यांच्याकडे. ते तर दुसऱ्या धर्माचे, आणि काकांना हिनं जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, एवढं लांब कशाला? म्हणाली, "पुण्याचं काम आहे ना?"

खरं आहे. दुःखात असलेल्याच्या दारी जाणं मोठं पुण्याचं. मी तिला त्याबद्दलची हदीस सांगितली आणि सोबत तीही, की कृत्याची किंमत नियत बघून ठरते, नियत म्हणजे मनात धरलेला हेतू. कुणाच्या दारी गेलीस तर त्याच माणसासाठी जा, दिखाव्यासाठी नको. "नियत त्यांचीच करायची," ती म्हणाली, पाढा म्हणावा तशी.

तिथून आली की बरी दिसते. दोन घास जास्त जातात. काल तर मला विचारलं, भाजीत मीठ बरोबर आहे का. टकळी गेल्यापासून पहिल्यांदाच संसारातलं काही विचारलं.

२० फेब्रुवारी

कुणीतरी गेल्याची बातमी हिला माझ्याआधी कळते. मशिदीचा भोंगा, दूधवाला, भिंतीवरचे श्रद्धांजलीचे कागद, कुठूनही. समोरचा इस्त्रीवाला हसत मला म्हणाला, "औषधवाले, तुम्ही माणसं जगवायच्या गोळ्या विकता आणि वहिनी गेलेल्यांच्या हजेऱ्या लावतात. घरातल्या घरात सगळं उरकतं तुमचं." मी हसलो नाही. त्यानं जीभ चावली आणि तो इस्त्री फिरवायला लागला.

टकळी असती तर इस्त्रीवाल्याला पुरून उरली असती. मला म्हणायची, "अब्बा, मृत्यूचा फरिश्ता दारात आला तरी तुम्ही त्याच्याकडे डॉक्टरची चिठ्ठी मागाल." हॉस्पिटलमध्ये आत नेतानासुद्धा हेच म्हणाली. नर्स हसली होती. मी म्हटलं, गप पड, तोंडाला विश्रांती दे.

शेवटचं बोललो ते हे. गप पड.

२२ फेब्रुवारी

परवा पुढे लिहिता आलं नाही. गोळी दोनदा घेतली. जड वाटणं जात नाही.

३ मार्च

दुपारी एक बाई दुकानात आली. मागच्या गल्लीतल्या घरची सून. तिच्या सासूबाई परवा गेल्या. उरलेल्या गोळ्यांची पाकिटं परत करायला आली होती. पैसे घेऊन निघताना थांबली आणि म्हणाली, "तुमच्या मिसेसना आमच्याकडून सांगा, त्यांचे उपकार झाले. आम्ही घरचे, पण इतकं आम्हीसुद्धा रडलो नाही. सासूबाई होत्या कडक, खरं सांगायचं तर कुणाला फारसं रडूच येत नव्हतं. तुमच्या मिसेस आल्या, त्यांच्या उशाशी बसल्या आणि असा टाहो फोडला की आम्हा सगळ्यांना लाज वाटली. मग आम्ही पण रडलो. त्यांचं काय नातं होतं?"

मी म्हटलं, तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल बोलताय.

"नाही हो, तुमच्याच. करड्या ओढणीवाल्या. मागे बेकरीवाल्यांकडे पण अशाच रडल्या म्हणे. त्यांची सून माझी मैत्रीण आहे, आम्ही बोललो."

ती गेल्यावर मी एका गिऱ्हाईकाला खोकल्याच्या जागी पोटाचं औषध दिलं. बाटलीचा रंग बघून तोच म्हणाला, हे नेहमीचं नाही. माझ्या हातून असं आजवर झालं नव्हतं.

४ मार्च

काल मी हिच्यावर ओरडलो. आधी मला रागच आला. माझ्या घरात कोरडी राहणारी बाई गावभर टाहो फोडत फिरते. म्हटलं, "त्या आजींना तू ओळखत होतीस?"

"नाही."

"मग?"

"मग काय. गेले आणि बसले."

"अगं, रडण्यानं मयताला त्रास होतो हे मी तुला किती वेळा सांगितलं? तू लोकांच्या आयांना कशाला त्रास देतेस?"

ही शांतपणे म्हणाली, "घरच्यांच्या रडण्यानं. मी कुठे त्यांच्या घरची? परक्यांचं धरत नाहीत. तुम्हीच विचारून आलात."

मी खाली बसलो.

"मी नीट करते," ती म्हणाली. चूक काढणार म्हणून आधीच हिशेब देत होती. "दारात शिरायच्या आधी गेलेल्या माणसाचं नाव विचारून घेते. त्याच नावानं नियत करते. मग बसते. मध्येच आपल्या टकळीचं नाव डोक्यात आलं तर लगेच थांबते. तोंडावर पाणी मारते, पुन्हा पहिल्यापासून नियत करते. एकदाच फसलं, दूधवाल्यांकडे. तोंडातून तिचं नाव जायला लागलं, अर्ध्यावर धरलं. अर्ध्याचं काही होतं का, ते तेवढं इंजिनिअरना विचाराल?"

मी उठून दुकानात आलो. शटर अर्धं ओढून आत बसलो. या बाईच्या पोटात दोन महिने पोरीचं रडणं अडकलं आहे आणि ते काढायला ती दारोदार परक्यांची मयतं शोधते. उशी घामानं ओली नव्हती. एवढं मला कळायला मागच्या गल्लीतल्या सुनेनं यावं लागलं. वीस वर्षांच्या संसारात मी एवढा आंधळा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

६ मार्च

इंजिनिअरच्या कामावर जाऊन भेटलो. पुलाखाली पत्र्याची खोली आहे, तिथे तो नकाशे पसरून बसला होता. मी सगळं सांगितलं. तो दचकला. म्हणाला, "काका, मी तुम्हाला सांगितलं होतं, पाण्याला हरकत नाही. आवाज काढून, ऊर बडवून, नशिबाला शिव्या देत रडणं, ते मना आहे. टिपूस नको असं मी कधी म्हटलं?"

म्हटलं नव्हतं. घरी येऊन याच डायरीत मागे बघितलं. माझ्याच अक्षरात आहे. टिपूस मी घातला. हदीसला जोडून मी माझ्या पदरचं घातलं आणि वर हिला सांगितलं की पदरचं घालत नाही.

निघण्याआधी मी त्याला अर्ध्यावर धरलेल्या नावाचंही विचारलं. त्यानं हातातली पेन्सिल नकाशावर ठेवली. मग म्हणाला, "काका, हे मला येत नाही. मी पाठ केलंय, पण मला मुलगी नाही." त्याचे डोळे भरले होते. वाईट माणूस नाही.

७ मार्च

इमामसाहेबांकडे गेलो. दुपारच्या नमाजानंतर ते हातपाय धुवायच्या जागी गळक्या नळाला दोरा गुंडाळत बसले होते. म्हणाले, "दोन महिने तुमची वाट बघतोय. दोनदा दुकानावर आलो, तुम्ही दोन्ही वेळा माझ्या हातात सर्दीची गोळी ठेवलीत."

मग त्यांनी सांगितलं. ही हदीस पैगंबरसाहेबांच्या बायकोच्या, बीबी आयेशांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी मान्य केली नाही. सांगणारे खलिफा उमर आणि त्यांचे चिरंजीव, म्हणजे साखळीत खोट काढायला जागा नाही. बीबी आयेशाही तेच म्हणाल्या. ही खोटं बोलणारी माणसं नव्हेत, पण माणसाच्या लक्षात ठेवण्यात चूक होते. प्रसंग वेगळा होता. एका परधर्मी बाईचे घरचे तिच्यासाठी रडत होते. पैगंबरसाहेब म्हणाले, हे इथे रडताहेत आणि ती तिथे भोगते आहे. भोगणं तिच्या स्वतःच्या करणीचं. ऐकणाऱ्यानं एकामुळे दुसरं होतं असं धरलं. आणि कुराणाचा दाखला देऊन त्या म्हणाल्या, एकाचं ओझं दुसऱ्याच्या अंगावर पडत नसतं.

"आणि स्वतः पैगंबरसाहेब," इमामसाहेब म्हणाले, "तान्हा मुलगा गेला तेव्हा रडले. लोकांनी विचारलं, तुम्हीसुद्धा? म्हणाले, डोळ्यांना पाणी येणारच, काळीज दुखणारच."

मी म्हटलं, "म्हणजे ती हदीस खोटी?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"मग खरी?"

"औषधवाले, तुम्हाला दोनच कप्पे ठाऊक आहेत."

मी भांडलो. म्हटलं, पक्की साखळी असूनही चूक होऊ शकते, तर मी कशावर उभा राहू? उद्या कुणीही उठेल आणि नकोशी हदीस प्रसंग वेगळा होता म्हणून फेकून देईल. ते म्हणाले, खरं आहे, ती भीती आहेच, म्हणून तर लोक आयुष्यभर शिकतात. कुणीही उठून फेकायची नसते, तशी कुणीही उठून आईच्या तोंडात कोंबायचीही नसते. औषध अस्सल होतं, बॅच बरोबर होती, फक्त खोक्यातला कागद मी वाचला नव्हता. त्या कागदासाठी तर मी गिऱ्हाइकांना ओरडतो.

मग मी विचारलं, सगळे विद्वान बीबी आयेशांचं मानतात का. खोटं बोलायचं त्यांच्या जिवावर आलं. नाही म्हणाले. काहींचं म्हणणं, माझ्यामागे ऊर बडवा असं जो सांगून जातो त्यालाच भोगावं लागतं. काहींचं म्हणणं, ती शिक्षा नव्हेच. घरच्यांचे हाल बघून गेलेल्याला वाईट वाटतं, तेच त्याचं भोगणं.

"मला विचाराल तर घरी जा आणि त्या माउलीला रडू द्या," ते म्हणाले. "मला विचारायला दोन महिने लावलेत, आता आणखी लावू नका."

८ मार्च

काल इमामसाहेबांकडून निघालो ते दुकान न उघडता घरी गेलो. दुपारची वेळ. ही पडदे ओढायच्या बेतात होती. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. माझ्याकडून चूक झाली, टिपूस मी घातला होता, कुणी सांगितलं नव्हतं. बीबी आयेशांचं सांगितलं. पैगंबरसाहेबांच्या तान्ह्या मुलाचं सांगितलं. आणि बाकीच्या विद्वानांची मतंही सांगितली. अर्धं सांगून काय होतं ते बघून झालं होतं, म्हणून काहीही गाळलं नाही.

ती ऐकत होती. मला वाटलं आता बांध फुटेल. मी तिच्यासाठी पाण्याचा पेलासुद्धा भरून ठेवला होता.

ती म्हणाली, "यातलं पक्कं कुठलं?"

"बीबी आयेशांचं. मला ते पटतं."

"पटतं. पक्कं आहे का?"

मी हो म्हणायला हवं होतं. आजवर शंभर गोष्टी पक्क्या म्हणून तिच्यावर लादल्या. या एकाला हो म्हणता आलं असतं. पण मी म्हटलं, "बहुतेक."

"ते शेवटचं काय म्हणालात? वाईट वाटतं?"

"ते काही लोकांचं मत आहे."

"मी रडले की तिला वाईट वाटतं." ती खाली बघून बोलत होती. "शिक्षा नाही, पण तिला दिसतं आणि वाईट वाटतं. ते खरं असेल हो. तिचा स्वभाव तसाच होता. मला ताप आला तरी ती तोंड पाडून बसायची, पाय चेपायची. मी रडताना तिनं बघितलं तर तिला सहनच होणार नाही."

"अगं, ते एक मत आहे. इमामसाहेब स्वतः म्हणाले, रडू द्या म्हणून."

"इमामसाहेबांची मुलगी नाही तिथे."

मी तिचे हात धरले. म्हटलं, तुला माझी शपथ, एकदा रड. इथे, घरात, तिच्या नावानं. ती मान हलवत राहिली. म्हणाली, "मला येतंच नाही इथे. मी करून बघितलं होतं, तुम्ही दुकानात असताना. घशापर्यंत येतं आणि तिचा चेहरा समोर येतो, परत आत जातं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. माझं चाललंय की बाहेर."

चाललंय की बाहेर, असं म्हणाली. दुकानाची कुणी चौकशी केल्यावर सांगावं तसं.

मग मलाच काय झालं कळलं नाही. छातीत जे जड होतं ते एकदम वर आलं. माझ्या तोंडून टकळीचं नाव निघालं, तिचं खरं नाव, जे मी तिच्या शाळेच्या दाखल्यानंतर कधी घेतलं नव्हतं. टाहो फुटणार इतक्यात ही झटकन उठली आणि तिनं आपला हात माझ्या तोंडावर दाबला. घट्ट. तिच्या हाताला साबणाचा वास होता. तिचे डोळे भीतीनं मोठे झाले होते.

"नका," ती म्हणाली. "तिला लागेल."

मी आवाज आत घेतला. ती हात काढेना. आम्ही तसेच उभे होतो.

१२ मार्च

रोज समजावतो. ती ऐकून घेते. काल म्हणाली, "तुम्ही आधी सांगितलंत ते मी ऐकलं. आता हे सांगताय तेही ऐकते. पण पोर माझी आहे, तिच्यावर प्रयोग नको."

मी एकदा तिला सांगितलं आणि तिनं मान्य केलं. ते परत घ्यायचा अधिकार मला राहिलेला नाही. गेला आठवडाभर मी विचारत होतो की हदीसचा अधिकार कुठवर. माझ्या शब्दाचा कुठवर, हे विचारायला हवं होतं. वर्गाला जातो, मागे बसतो. इंजिनिअरही आता एखादी हदीस सांगितली की थांबतो आणि म्हणतो, यावर दुसरी मतं आहेत, ती आधी ऐका. लोक कंटाळतात.

१८ मार्च

वरच्या रस्त्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर गेले. सकाळी भोंग्यावर सांगितलं. ही आरशासमोर उभी राहून ओढणी घेत होती. मी दुकानाची चावी खिशातून काढून खुंटीला लावली आणि म्हटलं, मी पण येतो.

तिनं ओढणी नीट केली. मग म्हणाली, "नाव नीट लक्षात ठेवा. आत शिरायच्या आधी नियत करा. आणि तिचं आलं मनात, तर थांबा."

बायका आत, पुरुष बाहेर मांडलेल्या खुर्च्यांवर. पोस्टमास्तरांना मी दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा गुडघ्याचं मलम न्यायला आले तेव्हा. मी त्यांचं नाव मनात घेतलं. मलमाची नळी, त्यांचा चष्मा, काठी, जे आठवलं ते आठवलं. तेवढ्यात आतून हिचा आवाज आला. दफनाच्या दिवशीचा तोच आवाज. त्या दिवशी मी तो दार लावून तोडला होता, आज तो मोकळा निघाला आणि थांबेना. दहा बायका रडत होत्या, पण मला तो ओळखू आला. मग मीही रडलो. हुंदके देऊन, खांदे हलवून, लहान पोरासारखा. पोस्टमास्तरांच्या नावानं सुरू केलं होतं. पुढे कुणाच्या नावानं रडलो ते मी इथे लिहिणार नाही.

पोस्टमास्तरांचा मुलगा पाणी घेऊन आला. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "आमच्या वडिलांचे फार जवळचे होतात का?"

मी हो म्हटलं.

"आम्हाला कधी बोलले नाहीत."

दोघं चालत घरी आलो. दाराशी आल्यावर हिनं मला उंबऱ्याबाहेर थांबवलं. ओढणीच्या टोकानं माझे डोळे पुसले, मग गाल, मग दाढी. नीट कोरडं झालं का ते उजेडाकडे तोंड वळवून बघितलं. आणि मग कुलूप काढलं.